खाटेपलीकडचा उपचार : वजन-समुपदेशन आणि सार्वजनिक आरोग्य विमा

आपल्या रुग्णालयाच्या जमाखर्चाचे पत्रक बारकाईने वाचणाऱ्या देणगीदारांच्या नजरेस एक गोष्ट वारंवार येते. शस्त्रक्रिया विभाग, डायलिसिस, प्रसूती, अतिदक्षता या विभागांच्या खर्चापुढे शासकीय योजनांतून मिळालेल्या रकमेचा रकाना कमी-अधिक भरलेला असतो. बाह्यरुग्ण विभागातील आहार व वजन-समुपदेशन कक्षापुढे मात्र तो रकाना जवळजवळ कोराच असतो. “एवढ्या शासकीय विमा योजना असताना या कक्षाचा खर्च न्यासाने का सोसावा?” असा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही विचारला गेला आहे. रुग्णांचे नातेवाईक हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारतात. “आमचे कार्ड आहे, मग आहारतज्ज्ञांकडे येण्याचे पैसे त्यातून का मिळत नाहीत?”

हे दोन्ही प्रश्न योग्य आहेत आणि त्यांचे उत्तर एकच आहे. आपल्याकडील सार्वजनिक आरोग्य विमा रुग्णालयातील खाटेशी बांधलेला आहे आणि वजन कमी करण्याचे समुपदेशन हा खाटेपलीकडचा उपचार आहे. हे असे का झाले, अन्यत्र याला काय उत्तर शोधले गेले आणि आपल्याला त्यातून काय घेता येईल, हे समजावून सांगण्याचा प्रयत्न या लेखात आम्ही करीत आहोत.

वजनाचा प्रश्न : आकड्यांत आणि शरीरांत

स्थूलता हा सुखवस्तू घरांचा प्रश्न आहे, ही समजूत आता मागे टाकावी लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा स्थूल आढळले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या ‘इंडिआब’ या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेह असणाऱ्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असून मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची संख्या सुमारे १३ कोटी ६० लाख आहे. समुपदेशनाचा खरा उपयोग या दुसऱ्या गटाला होतो. हे लोक अजून रुग्ण झालेले नाहीत आणि म्हणूनच ते कोणत्याही विमा योजनेच्या नजरेत येत नाहीत.

वजन मोजण्याचे सर्वपरिचित साधन म्हणजे शरीरभार निर्देशांक, अर्थात बीएमआय. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. पाश्चात्त्य देशांत २५ च्या वर जादा वजन आणि ३० च्या वर स्थूलता मानतात. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ मध्ये या मर्यादा खाली आणल्या. त्यानुसार २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरली जाते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास पोटाची स्थूलता मानतात.

या मर्यादा खाली का आणाव्या लागल्या, हे सांगणारे एक बोलके उदाहरण आपल्या पुण्यातलेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपली दोघांचीच मोजमापे छायाचित्रासह प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. वजनकाट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरे आतून इतकी वेगळी असू शकतात. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटाभोवती चरबी साठलेली असते आणि मधुमेह त्याला तुलनेने तरुण वयात व कमी वजनावर गाठतो. विम्याच्या नियमांत कोणता आकडा लिहायचा, या प्रश्नाशी या उदाहरणाचा थेट संबंध आहे. त्याकडे आपण पुढे येऊच.

समुपदेशन म्हणजे नेमके काय?

“कमी खा आणि चाला” हा सल्ला द्यायला अर्धे मिनिट लागते आणि त्याचा परिणामही साधारण तितकाच वेळ टिकतो. समुपदेशन याहून वेगळे आहे. त्यात आहारतज्ज्ञ प्रथम मोजमाप घेतात, मग घरातला दिवस कसा जातो हे विचारतात, नंतर रुग्णाच्या संमतीने एक किंवा दोनच बदल ठरवतात आणि ठरावीक अंतराने पुन्हा बोलावून ते बदल टिकले की नाही हे पाहतात. या उपचाराची मात्रा गोळीने मोजली जात नाही. ती भेटींच्या संख्येने मोजली जाते.

आमच्या कक्षात एक वजनकाटा, एक मोजपट्टी, उंची मोजण्याची पट्टी आणि टेबलावर मांडलेल्या वाट्या, चमचे व पळ्या आहेत. बहुतेक संभाषण तेलापासून सुरू होते. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा तेलाचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ४० मिलिलिटर, म्हणजे आठ लहान चमचे तेल पोटात जाते. एवढ्या तेलातून जवळजवळ ३४० कॅलरी मिळतात. हा हिशेब रुग्णापुढे मांडला की डबा पाच आठवडे पुरवायचा, मग सहा आठवडे, असे ठरवता येते. “ताई, भात सोडायचा का?” हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. भात सोडायचा नसतो. वाटीने मोजून घ्यायचा असतो आणि त्याच्या जोडीला घट्ट वरण, उसळ व कोशिंबीर वाढवायची असते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि शेंगदाणे यांमुळे एरवीच्या जेवणापेक्षा जास्त खाणे होते, हेही अनेकांच्या प्रथमच ध्यानात येते.

यापुढचे प्रश्न अधिक नाजूक असतात. घरातील स्त्री शेवटी जेवते आणि उरलेले अन्न टाकवत नाही म्हणून संपवते. सकाळी चालायला जावे तर पाण्याची वेळ आणि मुलांचे डबे, संध्याकाळी जावे तर रस्त्यावर दिवे नाहीत. गुडघे दुखतात म्हणून चालणे होत नाही आणि चालणे होत नाही म्हणून वजन वाढून गुडघे अधिक दुखतात. सासूबाईंना किंवा यजमानांना कक्षात बोलावून त्यांच्याशी बोलल्याशिवाय यातील पुष्कळशा गाठी सुटत नाहीत. याला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे प्रशिक्षित माणसाचा पगार. या कक्षाचा जवळजवळ सगळा खर्च हाच आहे.

या खर्चातून काय साधते, याचे पुरावे भक्कम आहेत. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध अभ्यासात (निष्कर्ष २००२) मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ व्यक्तींचा समावेश होता. शरीराच्या वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम हे लक्ष्य ठेवून ज्यांना नियमित समुपदेशन मिळाले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या औषधाने ते ३१ टक्क्यांनी घटले. ७० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ७ टक्के म्हणजे जेमतेम ५ किलो. चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी ५३१ भारतीयांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात केवळ जीवनशैलीविषयक समुपदेशनाने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. विशेष म्हणजे या भारतीय गटाचे सरासरी वजन फारसे उतरलेच नव्हते. काट्यावर विशेष फरक न दिसताही खाण्यापिण्यातील व हालचालीतील बदल आतून काम करीत होता.

विमा खाटेशी का बांधला गेला?

महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र शासनाची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली आणि पुढे दोन्ही योजना राज्यात एकत्रितपणे राबवल्या जाऊ लागल्या. २०२३ मध्ये राज्य शासनाने जीवनदायी संरक्षणाची व्याप्ती सर्व कुटुंबांपर्यंत वाढवून वार्षिक मर्यादा कुटुंबामागे ५ लाख रुपये करण्याचा निर्णय घेतला. या योजनांनी हजारो कुटुंबांना कर्जापासून वाचवले आहे, याचे साक्षीदार आम्ही रोज असतो. रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशी बसणारे आरोग्यमित्र हे आज अनेक रुग्णांसाठी पहिले आधारस्थान आहे.

मात्र या योजनांची रचना ‘पॅकेज’वर उभी आहे. एखाद्या शस्त्रक्रियेची किंवा उपचाराची रक्कम आधीच ठरलेली असते. रुग्ण दाखल होतो, आवश्यक तेथे पूर्वपरवानगी घेतली जाते, तपासण्यांचे अहवाल व छायाचित्रे संगणकावर चढवली जातात आणि रुग्ण घरी गेल्यावर रुग्णालयाचा दावा मंजूर होतो. केंद्रीय योजनेत दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी गेल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्चही धरलेला असतो. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे आयुष्य, म्हणजे बाह्यरुग्ण विभागातील नियमित भेटी, योजनेच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवण्याचे पैसे मिळतात, मूत्रपिंड निकामी झाल्यावर डायलिसिसचे पैसे मिळतात. ज्या वजनामुळे, रक्तदाबामुळे आणि साखरेमुळे ही वेळ आली, ते दहा वर्षे आधी आटोक्यात ठेवण्यासाठी लागणाऱ्या संभाषणाचे पैसे मिळत नाहीत.

यात योजना आखणाऱ्यांची अनास्था आहे, असे आम्ही मानत नाही. विम्याच्या स्वरूपातच काही खऱ्या अडचणी आहेत. पहिली अडचण पुराव्याची. स्टेंट बसवला की नाही हे चित्रफितीवर दिसते. वीस मिनिटांचे संभाषण झाले की नाही, आणि झाले तर ते चांगले झाले का, हे दुरून तपासणे कठीण आहे. खोट्या दाव्यांची भीती येथे अधिक असते. दुसरी अडचण काळाची. विम्याचा हिशेब वर्षाचा असतो, तर समुपदेशनाचा लाभ दहा-पंधरा वर्षांनी दिसतो. तिसरी अडचण परिणामाची. वजन उतरते तेही थोडे, आणि पुष्कळदा ते परत चढते. चौथी अडचण संख्येची. स्टेंट थोड्यांना लागतो, समुपदेशन कोट्यवधींना लागू शकते.

यांपैकी दुसऱ्या अडचणीबाबत मात्र सार्वजनिक विमा हा खासगी विम्याहून वेगळा ठरतो. खासगी कंपनीचा ग्राहक पुढल्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकतो. नागरिक मात्र शासनाकडेच राहतो. आज समुपदेशनावर न केलेला खर्च दहा वर्षांनी डायलिसिसच्या दाव्यातून त्याच तिजोरीतून निघतो.

ऐच्छिक विम्यातील एक विसंगतीही येथे नोंदवणे योग्य होईल, कारण अनेक कुटुंबांकडे शासकीय योजनेबरोबर स्वतः घेतलेली पॉलिसीही असते. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये विम्यातून वगळावयाच्या बाबींची प्रमाणित शब्दरचना ठरवून दिली. तीनुसार स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा खर्च ठरावीक अटी पूर्ण झाल्यासच ग्राह्य धरता येतो. बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक हवा. गंभीर हृदयरोग, निद्राश्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा आजार सोबत असेल तर तो ३५ किंवा अधिक हवा. याशिवाय वजन कमी करण्याचे सौम्य मार्ग आधी अयशस्वी ठरलेले असावे लागतात. म्हणजे सौम्य मार्ग अनुसरल्याचा पुरावा मागितला जातो, पण तो मार्ग चालण्याचा खर्च सहसा कोणी देत नाही.

अमेरिकेतील मेडिकेअरचा अनुभव

समुपदेशनाला विम्याचे पैसे देणे अशक्य आहे का? तसे नाही. याचे सर्वांत तपशीलवार उदाहरण अमेरिकेतील मेडिकेअर या सार्वजनिक विम्याचे आहे. ६५ वर्षांवरील नागरिक आणि काही अपंग व्यक्ती यांच्यासाठीची ही योजना १९६५ च्या कायद्याने अस्तित्वात आली. अनेक वर्षे तिच्या नियमपुस्तिकेत स्थूलता हा आजार मानला जात नसल्याचे वाक्य होते. २००४ मध्ये ते वाक्य काढून टाकण्यात आले. २९ नोव्हेंबर २०११ रोजी स्थूलतेसाठी सघन वर्तन-समुपदेशनाचा खर्च देण्याचा निर्णय झाला.

या निर्णयाची रचना पाहण्यासारखी आहे. पात्रतेसाठी बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक असावा. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एक भेट, दुसऱ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत पंधरवड्याला एक भेट आणि त्यानंतर बाराव्या महिन्यापर्यंत महिन्याला एक भेट. वर्षभरात जास्तीत जास्त २२ भेटी. पहिल्या सहा महिन्यांत किमान ३ किलो वजन उतरले असेल, तरच पुढील सहा महिन्यांच्या भेटी मिळतात. भेट प्राथमिक आरोग्यसेवेच्या दवाखान्यात व्हावी. रुग्णाला स्वतःच्या खिशातून काही द्यावे लागत नाही.

म्हणजे वर सांगितलेल्या अडचणींना येथे एकेक उत्तर शोधले गेले. कोणाला द्यायचे, कोणी द्यायचे, किती वेळा द्यायचे आणि केव्हा थांबायचे, ही चार कलमे लिहिली की संभाषणालाही पॅकेजचे रूप देता येते, हे या निर्णयाने दाखवून दिले.

तरीही प्रत्यक्षात या सवलतीचा लाभ पात्र व्यक्तींपैकी फारच थोड्यांनी घेतला. त्याचे एक मोठे कारण ‘कोणी द्यायचे’ या कलमात दडलेले होते. समुपदेशनाचे देयक प्राथमिक सेवेतील डॉक्टर व तत्सम व्यावसायिकांनीच पाठवायचे होते. आहारतज्ज्ञाला ते स्वतंत्रपणे पाठवता येत नव्हते. डॉक्टरांना वेळ नाही आणि ज्यांना वेळ व कौशल्य आहे त्यांना देयकाचा अधिकार नाही, अशी कोंडी झाली. २०१८ च्या एप्रिलपासून मेडिकेअरने मधुमेह प्रतिबंधाचा गटवर्गांवर आधारलेला स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रशिक्षित मार्गदर्शकांना स्थान मिळाले. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, रक्तातील साखर उंबरठ्यावर असणाऱ्यांसाठीच्या या कार्यक्रमात बीएमआयची अट इतरांसाठी २५, परंतु आशियाई वंशाच्या व्यक्तींसाठी २३ ठेवण्यात आली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्येष्ठ मराठी मंडळींनाही ही तरतूद लागू पडू शकते. त्यांच्या येथील नातेवाइकांनी ती त्यांना अवश्य कळवावी.

जपानचा अनुभवही बोधप्रद आहे. तेथे २००८ पासून ४० ते ७४ वयोगटातील नागरिकांची कंबर मोजून आवश्यक त्यांना मार्गदर्शन देणे विमा संस्थांवर बंधनकारक झाले. पुरुषांसाठी ८५ आणि स्त्रियांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा ठरली. मात्र २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात त्याचा वजनावरील परिणाम अत्यल्प आढळला. विम्यातून पैसे मिळाले म्हणजे काम साधलेच असे नव्हे. भेटी पुरेशा आणि सलग झाल्या तरच गुण येतो.

तो नमुना जसाच्या तसा का चालणार नाही?

समजा, उद्या आपल्याकडे असे पॅकेज तयार करायचे ठरले आणि अमेरिकेतील २०११ चा नियम उचलून आणला. १५५ सेंटिमीटर उंचीच्या आणि ७० किलो वजनाच्या एखाद्या गृहिणीचा विचार करू. तिचा बीएमआय २९.१ येतो. भारतीय निकषांनुसार ती स्थूल आहे आणि तिच्या कंबरेचा घेर बहुधा ८० सेंटिमीटरच्या बराच पुढे असेल. परंतु ३० च्या रेषेमुळे ती पात्र ठरणार नाही. तिने आणखी दोन किलोंहून थोडे अधिक वजन वाढवून यावे, असाच त्या नियमाचा अर्थ होईल. भारतीय मर्यादेनुसार मात्र ६० किलो ओलांडल्यापासूनच ती मदतीस पात्र ठरते.

दुसरी बाब ३ किलोंच्या अटीची. चेन्नईच्या अभ्यासात वजन फारसे न उतरताही मधुमेह टळला होता. अशा वेळी काट्यावरील आकडा हीच पुढील भेटींची किल्ली ठरवली, तर ज्यांना लाभ होत आहे अशांनाच आपण दाराबाहेर उभे करू. कंबरेचा घेर, रक्तातील साखर, रक्तदाब आणि भेटींतील नियमितपणा यांचा एकत्रित विचार आपल्याकडे अधिक न्याय्य ठरेल.

तिसरी बाब मनुष्यबळाची. आपल्याकडे डॉक्टरांचा वेळ अमेरिकेपेक्षाही दुर्मिळ आहे. म्हणून आहारतज्ज्ञ, परिचारिका आणि प्रशिक्षित समुपदेशक यांच्या भेटीला मान्यता दिल्याशिवाय कोणतीही तरतूद कागदावरच राहील.

अलीकडे वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांविषयीही विचारणा होते. २०२५ मध्ये ही नवी औषधे भारतीय बाजारात आली. योग्य रुग्णांत ती प्रभावी आहेत. परंतु ती थांबवल्यावर उतरलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, असे अभ्यासांत दिसले आहे. औषध चालू असताना स्नायू टिकावेत म्हणून प्रथिने किती व कोठून घ्यावीत, औषध थांबवताना काय करावे, हे सांगण्यासाठीही आहारतज्ज्ञ लागतोच. समुपदेशनाची गरज औषधाने संपत नाही.

कुटुंबीयांसाठी : आज काय मिळू शकते?

विम्यातून नाही, तरी सार्वजनिक सेवेतून काही गोष्टी विनामूल्य मिळतात. त्यांची माहिती रुग्णांच्या नातेवाइकांनी जरूर ठेवावी.

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ३० वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी करण्याची तरतूद आहे. आशाताई घरी येऊन जी प्रश्नावली भरतात, तीत कंबरेच्या घेराला गुण दिलेले असतात. स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरपर्यंत शून्य, ८१ ते ९० ला एक आणि त्यापुढे दोन. पुरुषांमध्ये ९० पर्यंत शून्य, ९१ ते १०० ला एक आणि त्यापुढे दोन. वय, तंबाखू, मद्य, व्यायाम आणि घरातील आजार यांचे गुण मिळून बेरीज चारच्या वर गेली, तर त्या व्यक्तीने प्राधान्याने तपासणीस जावे अशी अपेक्षा असते. हा कागद किरकोळ समजून टाळू नये. आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकेंद्रांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही तपासणी होते, आणि तेथील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे आहारविषयक सल्लाही मागता येतो.

घरातील कोणी राज्य कामगार विमा योजनेचे सदस्य असल्यास त्या योजनेत बाह्यरुग्ण उपचारही समाविष्ट आहेत. आहारविषयक सल्ल्यासाठी आपल्या दवाखान्यातील डॉक्टरांकडे तशी चिठ्ठी मागावी. ऐच्छिक पॉलिसी असणाऱ्यांनी तिच्यात बाह्यरुग्ण सल्ल्याची तरतूद आहे का, हे कागदपत्रांत पाहून घ्यावे आणि आहारतज्ज्ञांच्या भेटींच्या नोंदी व पावत्या जपून ठेवाव्यात. पुढे मोठ्या उपचाराची वेळ आल्यास सौम्य मार्ग अनुसरल्याचा तोच पुरावा असतो.

आणि रुग्ण कोणत्याही कारणाने योजनेखाली दाखल असेल, तर घरी जाण्यापूर्वी आहारतज्ज्ञांची भेट घेतल्याशिवाय जाऊ नये. खाटेवर असताना मिळणारा हा सल्ला त्याच दाखल काळातील सेवेचा भाग असतो.

न्यासाची भूमिका आणि आपले साहाय्य

धर्मादाय रुग्णालय म्हणून आपल्यावरील कायदेशीर जबाबदारीही मुख्यतः खाटांच्याच भाषेत लिहिलेली आहे. एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. निर्धन रुग्ण निधीत देयकांच्या २ टक्के रक्कम बाजूला ठेवली जाते. ही जबाबदारी आपण आनंदाने पार पाडतो. परंतु तिच्या आकड्यांत न दिसणारा रुग्ण हा समुपदेशन कक्षाचा रुग्ण आहे. तो चालत येतो, चालत जातो आणि सर्व काही नीट झाले तर पुढील दहा वर्षे तो कोणत्याही खाटेवर दिसत नाही. आमच्या यशाची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही, ती अशी.

विश्वस्त मंडळापुढे दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी दोन पर्याय असतात. कक्षासाठी शुल्क वाढवावे, किंवा तो देणग्यांवर चालवावा. शुल्क वाढवले तर पहिल्या भेटीला रुग्ण येतो, तिसऱ्या भेटीपासून गळतो. एस.टी.चे भाडे आणि बुडालेला रोज यांत शुल्काची भर पडली की “बरे वाटतेय, आता कशाला?” असे म्हणणे सोपे होते. ज्या उपचाराची मात्राच भेटींच्या संख्येने मोजायची, तेथे गळती म्हणजे अपुरी मात्रा. म्हणून हा कक्ष नाममात्र शुल्कावर आणि प्रामुख्याने आपल्या देणग्यांवर चालावा, असे आमचे मत आहे.

देणगीदारांना आमची विनंती अशी की, देणगी देताना यंत्रसामग्री आणि इमारत यांच्याबरोबरच मनुष्यबळाचाही विचार व्हावा. यंत्रावर नावाची पाटी लावता येते, आहारतज्ज्ञांच्या पगारावर लावता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु या कक्षात यंत्र नाहीच. तेथे माणूस हेच साधन आहे आणि ते टिकवण्यासाठी एकदाच मिळालेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरवर्षी मिळणाऱ्या लहान रकमेचा उपयोग अधिक होतो.

कक्षात होणाऱ्या प्रत्येक भेटीची नोंद केसपेपरवर ठेवली जाते. वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, ठरलेला बदल आणि पुढील भेटीची तारीख. शासनाने उद्या बाह्यरुग्ण समुपदेशनाला सार्वजनिक विम्यात स्थान देण्याचे मनावर घेतले, तर कोणाला, कोणी, किती वेळा आणि केव्हापर्यंत, या चार प्रश्नांची उत्तरे परक्या देशातील नियमांवरून शोधण्यापेक्षा अशा नोंदींतून शोधलेली बरी. त्या दृष्टीने न्यास आज जो खर्च करतो आहे, तो रुग्णसेवेबरोबर भावी धोरणासाठीही उपयोगी पडावा, अशी आमची अपेक्षा आहे. तोपर्यंत जमेच्या बाजूचा तो कोरा रकाना आपल्या उदारतेने भरला जाईल, याविषयी आम्हांस विश्वास वाटतो.